मंगळवारी वेनकडे, बुधवारी थ्वाकडे

"सहा आठवडे," डॉक्टर म्हणाले. "कुटायचं नाही, उचलायचं नाही, पिळायचं नाही. केससुद्धा दुसऱ्या कुणाकडून विंचरून घ्यायचे."

"आणि माझी टपरी?" लायने विचारलं.

"टपरीला काही झालेलं नाही, काकू. मोडलंय ते मनगट."

लाय बासष्ट वर्षांची होती. क्वी न्योन या समुद्रकाठच्या शहरात, मोठ्या बाजारामागच्या गल्लीत, एकतीस वर्षं ती माशाच्या वड्या आणि तांदळाच्या शेवया विकत आली होती. पहाटेच सार उकळायला लागायचं, सहाला पहिलं गिऱ्हाईक बुटक्या स्टुलावर टेकायचं आणि नऊच्या आत पातेल्याचा तळ दिसायचा. नव्या वर्षाचे चार दिवस सोडले तर ती टपरी बंद अशी कुणी पाहिली नव्हती. वादळात ती ताडपत्री ताणून बसायची. मुलीच्या, येनच्या, लग्नादिवशीसुद्धा सकाळचा धंदा उरकून मगच तिने रेशमी झगा अंगात चढवला होता, आणि लग्नाच्या फोटोत तिच्या कपाळावर तळणीचा चकाकता तवंग अजून दिसतो.

पडली ती स्वतःच धुतलेल्या फरशीवर. हातात झारा होता. तो सोडून दिला असता तर मनगट वाचलं असतं म्हणे. पण झारा नवा होता.

येनने त्याच दिवशी टपरीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "आई, तुझा भरवसा नाही," ती म्हणाली. आईचा डावा हात शाबूत आहे हे तिच्या लक्षात होतं.

पहिले चार दिवस लायने घरात काढले, म्हणजे घरातल्यांनी तिला काढायला लावले. तिने डाव्या हाताने मसाल्याच्या बरण्या उलट्यापालट्या लावल्या. शेजारणी चौकशीला आल्या. जी ती हळहळायची आणि उठता उठता म्हणायची, "काल बंदरावरच्या वेनकडे खाल्लं हो, काय करणार, सवय पडलीय ना सकाळची. तुमच्यासारखं नाही हं पण!" हे शेवटचं वाक्य त्या इतक्या घाईने म्हणायच्या, की लायचा त्यावर काडीचा विश्वास बसेना.

पाचव्या दिवशी मंगळवार होता. उजाडायच्या आधीच तिला जाग आली. पाहते तर तिचा नवरा दियेन आरशासमोर उभा राहून केसांना पाणी लावत होता. दियेन सदुसष्टचा. आयुष्यभर बंदरावर तीनचाकी मालगाडी चालवलेला, आता निवृत्त. पण रोज पहाटे बंदरावर जाऊन बायकोसाठी मासे निवडून आणायचं काम त्याने कधी सोडलं नव्हतं. घरी मासे टाकायचे आणि पुन्हा बाहेर पडायचं, ते आठ वाजता परत. कॉफी प्यायला, असं तो म्हणायचा.

"कुठे निघालात?" लायने पांघरुणातून विचारलं.

दियेनचा कंगवा थांबला. "बंदरावर."

"मासे कुणासाठी?"

"मासे नाही गं. असंच. कॉफी."

"केसांना पाणी लावून?"

"मग काय झोपेतले केस घेऊन जाऊ?"

लाय उठून बसली. "थांबा. मीपण येते. घरात बसून माझ्या डोक्याला बुरशी यायची वेळ आलीय."

"अगं, तुझा हात…"

"कॉफी मी डाव्या हाताने पिते."

दियेनच्या जुन्या मोपेडवर मागे बसून, प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून लाय निघाली. आकाश नुकतं फटफटत होतं. बंदराच्या फाटकाशी बर्फाच्या लाद्या फरफटत चालल्या होत्या, बायका टोपल्यांवर ओरडत होत्या. पुढे उजव्या हाताला निळ्या पत्र्याखाली वाफ उठत होती आणि तिथे वीसेक माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन भुरकत बसली होती.

"हीच का ती वेन?" लायने विचारलं.

"असेल. कॉफी पुढे आहे." मोपेडचा वेग अचानक वाढला.

"थांबवा."

"तिच्याकडे काय आहे, नुसतं पाणी! तुला आवडायचं नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

दियेनने मोपेड थांबवली. या प्रश्नाला पुढे जाण्यापेक्षा थांबणं सोपं होतं.

लायने एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातची माशाची वडी तोंडात घातली नव्हती. वेळच नव्हता, सगळ्यांचा धंदा एकाच वेळी. ती दोषच काढायचे ठरवून आत शिरली. स्टुलं पुसलेली नाहीत, एक. पाल्याची टोपली उघडी, दोन. तिसरा सापडायच्या आत, कढईमागून पन्नाशीची एक गोल चेहऱ्याची बाई मान वर न करताच ओरडली, "काय काका, आज उशीर! नेहमीचंच ना? तळलेल्या जास्त, उकडलेली एकच, पाला वेगळा?"

मग वेनने मान वर केली. तिला आधी प्लॅस्टर दिसलं, मग लायचा चेहरा. बंदर ते बाजार, या धंद्यातलं कुणी लायला ओळखत नाही असं नव्हतंच.

"अगंबाई," वेन म्हणाली आणि झारा कढईत तसाच राहिला.

"वड्या करपतायत," लाय म्हणाली.

दोघं बसली. दियेन चॉपस्टिक पुसू लागला. एक जोडी पुसली, दुसरी पुसली, मग शेजारच्या टेबलावरच्याही पुसायला घेतल्या.

"नेहमीचं म्हणजे?" लायने समोर बघत विचारलं.

"अगं, कधीतरी येतो…"

"कधीतरी काय, काका!" वाडगे घेऊन आलेली वेन मध्येच म्हणाली. तिला वाटलं आपण मदत करतोय. "काकू, वादळ येवो नाहीतर काही येवो, दर मंगळवारी काका इथे! बावीस वर्षं झाली."

लायचं लक्ष मात्र समोर आलेल्या वाडग्याकडे गेलं. सार स्वच्छ, तळ दिसेल असं. पांढऱ्या शेवयांवर दोन्ही वड्या. तळलेली सोनेरी, उकडलेली फिकट, कडेला मिरीचे ठिपके. वर कांद्याची पात, लाल कांद्याचा कुरकुरीत तळलेला चुरा. तिने डाव्या हाताने चमचा उचलला. वाफ नाकातोंडात गेली.

आणि एक विचित्र गोष्ट झाली. तिला रडू आल्यासारखं झालं.

एकतीस वर्षांत गरम वाडगा तिच्यासमोर कुणी आणून ठेवलाच नव्हता. तिचं खाणं साडेनऊला, पातेलं घासायच्या आधी, उभ्याने: उरलेले तुकडे, तळाशी गार झालेलं सार, लगदा झालेल्या शेवया. दुनियेला जे खायला घालून ती जगली, ते बसून, गरम, लिंबू पिळून खायचं कसं लागतं हे तिला माहीतच नव्हतं. तिने उकडलेल्या वडीचा तुकडा मोडला. दातांखाली तो आधी अडला, मग उसळी मारून तुटला. सुरमई आणि चोर बोंबील, तिने जिभेनेच ओळखलं, अर्धा अर्धा. साराला गोडी होती, पण साखरेची नव्हे.

"अननस," ती पुटपुटली.

"पिकलेलं," वेन म्हणाली. तिचा जीव अजून टांगणीला होता. "माशांची डोकी उकळताना घालते. कसं झालंय, काकू?"

लायने वाडगा संपवला, तळाशी राहिलेला तळलेला कांदासुद्धा टिपून घेतला आणि तोंड पुसलं. "स्टुलं पुसत जा," ती म्हणाली. "आणि अजून एक वाडगा आण."

मोपेडपाशी आल्यावर मात्र तिने नवऱ्याला गाठलं.

"मंगळवारी वेनकडे. बरं. बुधवारी कुठे?"

"बुधवारी कुठे काय! बुधवारी घरी."

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

दियेनने समुद्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. "शाळेजवळ. थ्वाकडे."

"गुरुवारी?"

"देवळाच्या वळणावरचा म्हातारा."

"त्याचं सार खारट असतं, सगळं गाव सांगतं."

"खारटच असतं. गप्पा चांगल्या मारतो."

"अजून?"

"शुक्रवारी पुलापलीकडे. न्योन लीला, हाऊकडे."

"पुलापलीकडे!" लायचा आवाज इतका चढला, की बर्फवाल्याने लादी खाली ठेवली. "घरची बायको पहाटेपासून वड्या कुटतेय आणि तुम्ही दुसऱ्यांच्या वड्या खायला समुद्र ओलांडता?"

"खाडी आहे गं ती."

ती मागे बसली. घराच्या दारात उतरताना म्हणाली, "उद्या बुधवार. सहाला तयार राहते."

थ्वा तीस-बत्तीसची होती. आईच्या पश्चात टपरी चालवत होती आणि लायला बघताच तिने रिकाम्या वाडग्यावरच कांद्याची पात पेरली. शाळेच्या भिंतीला लागून चार टेबलं, गणवेशातल्या मुलांची घाई, कुणाची दप्तरं वाडग्यांमध्ये. तिने आणलेल्या वाडग्यात फक्त उकडलेल्या वड्या होत्या, आणि वडी मोडल्यावर आत हिरव्या काड्या दिसल्या. शेपू.

लायने चमचा खाली ठेवला. "शेपू घालायला तू कुठे शिकलीस?"

"म्हणजे काय, काकू?"

"वडीत शेपू या गावात मी आणला. आठ वर्षांपूर्वी. लोक म्हणाले, हे काय उत्तरेकडचं खूळ. मग रांगा लागल्या."

थ्वाचा चेहरा पडला. "काकू, माझी आई लग्न होऊन उत्तरेकडून आली. ती… मी शाळेत असल्यापासून घालायची."

लायने हळूच मान वळवली. दियेन मिरचीच्या बरणीत डोकं घालून बसला होता. तिला आठवलं. आठ वर्षांपूर्वी एका बुधवारी हा माणूस घरी येऊन सहज म्हणाला होता, अगं, थोडा शेपू घालून बघ की. तिला वाटलं होतं, काय जीभ आहे माझ्या नवऱ्याची! अननसाचंही त्यानेच सुचवलं होतं. मिरी दळण्यापेक्षा ठेचून घाल, तेही त्यानेच.

"अहो."

"हं."

"जवळा मुरवून करते त्या खाऱ्यात लसूण भाजून घालायची, ते कुणाचं?"

"ते… गुरुवारच्या म्हाताऱ्याचं."

"खारट सार करणाऱ्याचं?"

"खारं चांगलं करतो."

त्या दिवशी लाय संतापली नाही, आणि तेच दियेनला जास्त जड गेलं. ती दिवसभर खिडकीशी बसून राहिली. संध्याकाळी येन जेवण घेऊन आली तेव्हा लाय म्हणाली, "येन, मी एकतीस वर्षं माझं म्हणून जे विकलं ना, ते दुसऱ्यांचं होतं. तुझ्या बापाने चोरून आणलेलं."

"बाबा, काय केलंत तुम्ही?" येनने विचारलं.

"खाल्लं," दियेन म्हणाला.

येनला हसू आवरेना. लायने तिला चमचा फेकून मारला, पण डाव्या हाताचा नेम, तो लागला भिंतीला.

"पण तुम्ही घरचं का नाही खाल्लंत?" पोरीने हसू पुसत विचारलं.

दियेनने भिंतीपाशी पडलेला चमचा उचलला. "सुरुवातीला टपरी लहान होती. पाच किलो मासा, त्याचे साठ वाडगे. मी बसलो की एक गिऱ्हाईक उपाशी परत जायचं. दोनदा मी वाडगा मागितला, दोन्ही वेळा हिने माझ्यापुढून उचलून गिऱ्हाईकाला दिला. मी म्हटलं, बरं, आपण बाहेर खावं. आणि बाहेर खायचंच तर कामाचं तरी खावं."

लायला ते दोन वाडगे आठवत नव्हते. आपण तसं केलं असणार याबद्दल मात्र तिला शंका वाटली नाही.

गुरुवारी ती गेली नाही. शुक्रवारी सकाळी मात्र स्वतःहून मोपेडवर जाऊन बसली. "चला. चोरीचा सगळा माल एकदा बघून घेते."

खाडीवरचा पूल लांबलचक आणि वारा आडवा. लायने एक हात नवऱ्याच्या कमरेभोवती टाकला होता, राग होता तरी. न्योन लीला वाळूत ओढलेल्या गोल टोपली-होड्या उन्हात वाळत पडल्या होत्या. हाऊची टपरी अगदी किनाऱ्यावर, नारळाच्या झावळ्यांखाली. हाऊ चाळिशीचा, दणकट माणूस, पण त्या दिवशी शर्ट उलटा घातलेला, दाढी वाढलेली, आणि कढईखाली जाळ पेटवायचाच विसरलेला.

"काका!" तो ओरडला. "मुलगी झाली! काल! दोन आठवडे आधीच आली, बापासारखी उतावळी!" आणि त्याने दियेनला मिठी मारली. मग लायला पाहून तो एकदम ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "गुरुकाकू."

"कोण गुरू?" लाय म्हणाली.

"तुम्हीच की! या, आधी बसा, मग बघा."

तो आत गेला आणि त्याने पाटीतून मुसळ काढून आणलं. लाकडी, जड, आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं. पाटी बर्फाने भरलेली होती.

लाय उभीच राहिली. मुसळ बर्फात ठेवायचं हे तिचं होतं. पूर्णपणे तिचं. मासा कुटताना तापला की वडी भुसभुशीत होते, हे ती स्वतःच्या हाताने, दोन वर्षं वाया घालवून शिकली होती. पहाटे दार लावून ती मुसळ बर्फात घालायची. येनलासुद्धा बघू द्यायची नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

हाऊने निरागसपणे दियेनकडे बोट केलं. "काकांनी. सतरा वर्षं झाली. तेव्हा माझ्या वड्या म्हणजे नुसता भुगा! मी टपरी मोडायला निघालो होतो. काका म्हणाले, आमच्या हिचं एक गुपित आहे, देतो, पण तू मिरी ठेचून कशी घालतोस ते मला सांग." तो हसला. "पुढे मी वेनताईला सांगितलं. थ्वाच्या आईलाही काकांनीच सांगितलं असणार. आता गावात मुसळ बर्फात ठेवत नाही असं कुणी राहिलंच नाही."

"अहो!" लाय किंचाळली. "माझं गुपित वाटलंत?"

"घेतलं, मग द्यायला नको?" दियेन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "फुकट घेतलं असतं तर चोरी झाली असती. मी प्रत्येकाला काहीतरी देऊन घेतलंय. तुझा शेपू थ्वाच्या आईचा, तिच्या वडीची उसळी तुझी. तुझं अननस वेनचं, वेन अर्धा चोर बोंबील घालते तो तुझ्यामुळे. कुणाचं काही कमी झालं का? साठ वाडग्यांचे तुझे दोनशे झाले!"

लाय वाळूकडे बघत राहिली. आपण दार लावून, एकटीने, आपल्याच उखळापाशी खपतोय असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. आणि तिकडे पुलापलीकडचा एक माणूस तिच्या पद्धतीने कुटत होता, बंदरावरची एक बाई तिच्या प्रमाणाने मासे मिसळत होती, आणि त्यांचं सगळ्यांचं तिच्या पातेल्यात उकळत होतं. तिला वाटलं आपण चिडायला हवं. तिने चिडून बघितलं. जमेना. पोटातून हसूच यायला लागलं, आधी बारीक, मग खांदे हलवणारं, आणि मनगट ठणकायला लागलं तरी थांबेना.

"उतावळीचा बाप," ती डोळे पुसत हाऊला म्हणाली, "जाळ पेटव आधी. भूक लागलीय."

खाताना हाऊने आपलं दुखणं सांगितलं. सोमवारी गावात देवमासा-आजोबांचा उत्सव, समुद्रात कोळ्यांना सांभाळतो म्हणून पुजतात त्या देवमाशाचा. सकाळी होड्या वाजतगाजत समुद्रात जाऊन परत येणार, आणि परतल्यावर सगळ्या खलाशांना शेवयांचे वाडगे द्यायचे त्याने कबूल केलेले. दोनशे वाडगे. कुटायला बायकोची मदत होणार होती. आता ती बाळंतीण. "उत्सवाला नाही कसं म्हणू? आजोबा रागावले तर मासा कुठून मिळणार?"

"दोनशेच ना?" लाय म्हणाली.

"काकू, तुमचा हात…"

"हात नाही. तोंड आहे. अहो, वेनला फोन लावा. आणि त्या घाबरट पोरीला."

सोमवारी पहाटे किनाऱ्यावर तीन चुली पेटल्या. वेन आणि थ्वा एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या आणि पाचव्या मिनिटाला भांडत होत्या.

"तळलेलीच खरी वडी," वेन म्हणत होती. "उकडलेली आजाऱ्याला द्यावी."

"तेलात घातली की मासा कुठला ते कळत नाही," थ्वा म्हणाली. कालपरवा रिकाम्या वाडग्यावर पात पेरणारी हीच का, असं लायला वाटलं.

"दोन्ही होतील," लायने निकाल दिला. "वेन, अननस. थ्वा, शेपू निम्म्यात, सगळ्यात नको. हाऊ, डोकी उकळायला टाक, गलफडं काढलीस का? काढ. आणि तुम्ही!"

दियेन नारळाखाली कॉफी घेऊन बसत होता.

"इकडे या. मुसळ उचला."

"मी?"

"एकतीस वर्षं खाल्लंत. आता कुटा."

दियेनने कुटलं. पहिल्या दहा मिनिटांत त्याचा शर्ट निघाला. लाय उखळापाशी ओणवी होऊन उभी होती आणि डाव्या हाताने मासा उलटत होती. "खालून आणा. नुसतं आपटू नका, कुणाचं डोकं फोडायचं नाहीये. एका दिशेने. हां. बर्फात बुडवा. परत." त्याने दम घेतला की ती गोळा उचलून उखळाच्या कडेवर आपटायची. फच्. "नाही झालं." पुन्हा वीस मिनिटं. फच्. "नाही." दियेन तिच्याकडे असा बघायला लागला, जणू ही बाई कोण हे त्याला आजच कळतंय.

"रोज?" त्याने धापा टाकत विचारलं. "तू रोज हे?"

"रोज एवढंच."

पुढच्या वेळी गोळा कडेवर आपटला तेव्हा आवाज वेगळा आला, टणक, चापटीसारखा. वेन आणि थ्वाने भांडण थांबवून एकदम माना वळवल्या.

"झाला," तिघी बायका एका सुरात म्हणाल्या. दियेन वाळूत आडवा झाला.

आठ वाजता ढोल ऐकू आले. झेंडे लावलेल्या होड्या उन्हात एकामागून एक आत शिरल्या, आणि फेटे बांधलेले खलाशी पाण्यातून उड्या मारत थेट चुलींकडे आले. मग दोन तास कुणाला डोकं वर काढता आलं नाही. लायला वाडगे उचलता येत नव्हते, म्हणून ती वरून तळलेला कांदा आणि मिरची घालत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, तळलेली की उकडलेली? "दोन्ही" असंच सगळे म्हणत होते. एका म्हाताऱ्याने तिसरा वाडगा मागितला. हाऊची बायको पडवीत खाटेवर पडल्या पडल्या ओरडून मागत होती, "मलाही थोडं सार पाठवा!" आणि तिची सासू तेवढ्याच जोराने, "बाळंतिणीला मिरची नाही!"

शेवटचे दोन वाडगे वेनने बाजूला काढून ठेवले होते. तिने ते आणून लाय आणि दियेनच्या मध्ये, एका पालथ्या टोपलीवर ठेवले. "गार व्हायच्या आत," ती म्हणाली.

दियेनचे दंड इतके भरून आले होते, की चमचा तोंडापर्यंत नेताना हात कापत होता. लायचा उजवा हात गळ्यात. दोघं अर्धंमुर्धं सांडत, भुरकत खात होती. लायने आपल्या वाडग्यातली तळलेली वडी उचलून त्याच्या वाडग्यात टाकली. त्याने मोडून खाल्ली आणि डोळे मिटले.

"कसं?" तिने विचारलं.

"दाताला उसळी चांगली आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "कुटणारा मात्र अडाणी."

लाय हसत असतानाच गावचे एक वडीलधारे गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, देवळाचा झगा घातलेले, काठी टेकत आले. देवमासा-आजोबांना नैवेद्याचा वाडगा पोचला होता, आणि असा स्वाद या किनाऱ्याने बऱ्याच वर्षांत घेतला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षीही याच चौघांनी करावं अशी गावाची इच्छा होती. मग त्यांनी विचारलं, "पण ही रीत नेमकी कुणाची?"

"काकूंची," हाऊ म्हणाला.

"सार माझं आहे," वेन म्हणाली.

"आणि शेपू?" थ्वाने विचारलं.

"शेपू निम्म्यात घातला म्हणून बरा लागला," वेन म्हणाली.

"निम्म्यात घातला म्हणूनच कमी पडला!"

"पुढच्या वर्षी दोन उखळं लागतील," लाय उठत म्हणाली. "आणि मासा आदल्या दिवशी कापून ठेवायचा नाही, सांगून ठेवते."

"मग पहाटे दोनशे वाडग्यांचा मासा कोण कापणार?" हाऊ.

"तू कापशील."

"आणि पोरीला कोण बघेल?"

चौघंही एकदम बोलायला लागली. वडीलधाऱ्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि दियेनकडे पाहिलं. दियेनने त्यांच्यासाठी टोपलीवर जागा केली. सगळ्यात मोठा आवाज त्याच्या बायकोचा होता. ती डावा हात हवेत नाचवत, वेनला बर्फाचं गणित पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत होती.